पिंपाचं पाणी

देवाजी मेश्रामनं अठरा वर्षांत दारूचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता, आणि पोट मात्र दारूच्या कारखान्यावर भरत होता. छप्पन साली बापाबरोबर दीक्षा घेतली तेव्हापासूनची ही अठरा वर्षं. त्याआधीही तो प्यायला नव्हता, कारण बाप धोंडबानं दोघांच्या वाटची आधीच पिऊन ठेवली होती. दीक्षेच्या दिवशी मात्र धोंडबानं सोडली ती सोडलीच. पुढे पाच वर्षांनी मेला तो शुद्धीवर मेला, आणि हे देवाजी छाती पुढे काढून सांगत असे.

कन्हानच्या नदीकाठी महादेवरावांचा कारखाना होता. तिथं देवाजी पिंपं बांधायचा. कोणी टोचलंच, की बाबा, शील पाळतोस आणि दारूवाल्याकडे काम करतोस, तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "मी लाकडाचा माणूस हाय. आत काय भराचं ते मालकानं पाहावं." हे उत्तर त्याला स्वतःला पटलेलं होतं की नाही, कोण जाणे. पण तो ते इतक्या करड्या आवाजात द्यायचा, की पुन्हा विचारायची कोणाची छाती होत नसे.

काम मात्र चोख. विलायतेहून आलेल्या ओकच्या जुन्या फळ्या गोदामात वर्षानुवर्षं कोरड्या पडून होत्या. त्या तासायच्या, वाफेवर वाकवायच्या, लोखंडी कड्या ठोकून पिंप उभं करायचं. मग खाली भुशाची आणि ढलप्यांची आग लावून ते आतून जाळायचं. आतली कातडी कोळशासारखी काळी झाली, तडकू लागली, की पाण्याचा हबका. त्या जळक्या पिंपात दारू वर्ष-दोन वर्षं ठेवली म्हणजे तिला रंग चढतो, गोडी येते, असं मालक म्हणायचे. देवाजीची परीक्षा वेगळी होती. नव्या पिंपात तो गरम पाणी भरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी पेलाभर पिऊन बघायचा. पाणी कडू लागलं तर जाळ जास्त झाला, कच्चं लागलं तर कमी. ही रीत त्याला कोणी शिकवली नव्हती. दारू चाखायची नाही आणि पिंप तर कळलं पाहिजे, या कात्रीतून त्यानंच ती काढली होती.

आणि रविवारी सकाळी हाच देवाजी नागपुरात इंदोऱ्याच्या वस्तीतल्या विहारात पुढे उभा राहून पंचशील सांगायचा. तो एकेक शील म्हणणार आणि मागे बसलेली शंभर माणसं ते उचलणार. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते म्हणताना त्याचा आवाज आपोआप चढायचा. बाप गेल्यापासून ती जागा त्याची होती. माणसाला जन्मात एक जागा मिळते, जिथं त्याला कोणाची भीड वाटत नाही. देवाजीची ती होती.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात महादेवरावांचे मेहुणे मधुसूदनराव मेक्सिकोहून परत आले. गव्हाच्या नव्या वाणांचं शिकायला सरकारनं त्यांना तिकडे धाडलं होतं. गहू किती शिकून आले ते शेतकऱ्यांना ठाऊक, पण बोटीच्या सामानातून एक घागरीएवढं पिंप मात्र घेऊन आले. कस्टमवाल्यांना त्यांनी काय सांगितलं ते तेच जाणोत. पिंपात टकीला होती, तिकडची दारू. जळक्या पिंपात तीन वर्षं मुरलेली.

पंधरा दिवसांत रामदासपेठेतल्या बंगल्यावर चार मेजवान्या झाल्या आणि पिंप रिकामं झालं. महादेवरावांच्या डोक्यात मात्र भरलं. आपल्याकडे मोहाची चांगली दारू गळते. तिलाच अशी चव आणली तर? त्यांनी देवाजीला बंगल्यावर बोलावलं.

"देवाजी, असं पिंप करून दे," महादेवराव म्हणाले. "जाळ असा बसला पायजे, का दारूले हीच चव आली पायजे."

"चव कशी हाय, मालक?"

महादेवरावांनी डोळे मिटले. "धुरकट. पण गोड धूर. समजलं?"

"नाही मालक."

"छे, धूर कुठं?" मधुसूदनराव म्हणाले. "व्हॅनिला आहे ती. आणि मागून मिरी. ही दारू ज्या झाडांची करतात, ती आपल्या घायपातीसारखी असतात. त्यांचा गड्डा खड्ड्यात भाजतात, त्याचा हिरवा वास शेवटी येतो."

"मिरी कुठून आली? मले तर लोणी लागलं," महादेवराव म्हणाले.

दोघांची जुंपली. देवाजी टोपी हातात धरून कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे बघत राहिला. एकाच पिंपातली एकच दारू, आणि दोघा शिकल्या माणसांच्या तोंडात दोन वेगळ्या. शेवटी महादेवराव म्हणाले, "अबे, तळाशी घोटभर असंन. चाखून पाय ना."

"मी पेत नाही, मालक."

"पेऊ नको. चाख अन् थुंकून टाक."

देवाजीनं नुसती मान हलवली आणि रिकामं पिंप सायकलच्या कॅरियरला बांधून तो निघाला. मनात मात्र त्याच्या भुंगा लागला. थुंकलं तर पिणं होतं का? नसेल होत, तर आपण 'नाही' का म्हणालो? आणि होत असेल, तर मालकाला ते ठाऊक कसं नाही?

पुढचे आठ दिवस देवाजीनं जे केलं ते सांगताना हसू आवरत नाही. व्हॅनिला म्हणजे काय हे त्यानं कारखान्याच्या कारकुनाला विचारलं. कारकून म्हणाला, आइस्क्रीमात असते. देवाजी सीताबर्डीवर गेला, आयुष्यात पहिल्यांदा काचेच्या दुकानात बसला आणि पांढरं आइस्क्रीम डोळे मिटून खाल्लं. गार लागलं, गोड लागलं, दात ठणकले. यात जाळ कुठून आणायचा ते कळेना. मग रेल्वेच्या रुळाकडेची घायपात तोडली, तिचा गड्डा शेडमागच्या आगीत भाजला आणि एक फोड तोंडात टाकली. घायपात ती! ओठ सुजून पुरीसारखे झाले. दोन दिवस बिचारा ताकावर होता.

"कायले खाल्लं जी हे?" असं अंजनाबाईनं विचारलं नाही. ती त्याची बायको. प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही हे तिला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. देवाजी घरात बोलायचाच नाही. वाईट बोलायचा नाही, मारायचा नाही, पगार आणून हातात द्यायचा. विहारात आवाज घुमवणारा माणूस घरी आला की जेवायचा, हात धुवायचा आणि खाटेवर आडवा व्हायचा.

शेवटी देवाजीला आपली जुनी रीत आठवली आणि त्यानं कपाळावर हात मारला. दारू कशाला चाखायची? चव जर पिंपाच्या लाकडात असेल, तर लाकडालाच विचारावं. त्यानं त्या मेक्सिकोच्या पिंपात चार लोटे गरम पाणी ओतलं, बूच ठोकलं आणि पिंप शेडबाहेर उन्हात ठेवलं. येता-जाता पायानं लोळवायचं, फिरवायचं. नव्या पिंपाला एक रात्र पुरते. हे जुनं, मुरलेलं, म्हणून याला चार दिवस दिले.

पाचव्या दिवशी पेला भरला. पाणी मधासारखं पिवळं झालं होतं. देवाजीनं घोट घेतला आणि तो तिथंच, ढलप्यांच्या ढिगावर, मटकन बसला.

मालक खरं बोलत होते. मधुसूदनसाहेबही खरं बोलत होते! आधी गूळ लागला, कढईला लागून जळू लागलेला. मग भाजलेल्या खोबऱ्याचा कीस. मग धूर, पण चुलीचा नव्हे, दूर शेतात कोणी कापसाची पराटी जाळत असावं तसा. आणि सगळं सरल्यावर जिभेच्या टोकाला काहीतरी हिरवं, ओलं. घशात थोडी आग झाली. कोळसाच तो, जाळणारच, असं देवाजी मनाशी म्हणाला. वास? त्या शेडमध्ये चोवीस तास दारूचाच वास. त्याचं नाक त्या वासाला कधीच मेलेलं होतं. डोकं हलकं झालं. पण मे महिन्यात नागपूरला कोणाचं डोकं ठिकाणावर असतं?

त्या दिवसापासून सकाळी एक पेला आणि संध्याकाळी एक पेला. परीक्षा पुरी व्हायला नको? आणि एवढं गुणाचं पाणी एकट्यानं कसं प्यावं, म्हणून तो पाव बाटली भरून रोज घरी नेऊ लागला. "अंजना वं, हे घे. लाकडाचं पाणी हाय. तुया गुडघ्याले चांगलं." अंजनाबाई पेला हातात घ्यायची, वास घ्यायची, त्याच्याकडे बघायची आणि आत जायची. दोन दिवसांनी त्यानं विचारलं, "गुडघा कसा हाय?" ती म्हणाली, "बरा हाय." देवाजीला केवढा आनंद झाला.

आणि घरात एक नवल घडलं. देवाजी बोलू लागला! संध्याकाळी अंगणात खाट टाकून तो तिला पिंपाची चव सांगायचा, मग गुळावरून बापाच्या गोष्टी निघायच्या, बाप कसा पिऊन नाल्यात पडायचा आणि तो व आई त्याला कसे ओढून आणायचे. हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. एकदा रडलासुद्धा. एकदा तिनं आंब्याचं सार केलं तर म्हणाला, "तुया हातच्यासारखं सार आख्ख्या इंदोऱ्यात नाही." अंजनाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. मधल्या रविवारी विहारात त्यानं पाचवं शील असं खणखणीत म्हटलं, की म्हाताऱ्याकोताऱ्यांनी नंतर पाठ थोपटली.

दहाव्या दिवशी, शनिवारी, महादेवराव शेडमध्ये आले. देवाजी उत्साहानं सांगू लागला. "मालक, समजलं. आपण एकदम जाळतो ना, तीच चूक हाय. हे पिंप त्यायनं आधी मंद आगीवर तास-दोन तास नुसतं शेकलं असंन, पापड शेकतो तसं. मंग शेवटी घडीभर जाळ. म्हणून गूळ आधी लागते, धूर मागून येते. अन् खोबरं हाय, मालक. तुमाले लोणी वाटलं ते खोबरं व्हय."

महादेवराव बघतच राहिले. "बाप्पा! खोबरंच. मले शब्दच सापडत नव्हता. देवाजी, लेका, चाखली कधी तू?"

"चाखली नाही, मालक. पाण्यातून काढली." देवाजीनं अभिमानानं पेला पुढे केला.

महादेवरावांनी घोट घेतला. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दुसरा घोट घेतला. मग पेला घेऊन ते ऑफिसात गेले, दारू मोजायची काचेची तरंगती नळी काढली, उंच भांड्यात पाणी ओतून ती आत सोडली आणि आकडा बघितला. आणि मग ते इतके हसले, की खुर्चीचा हात धरावा लागला.

"देवाजी, हे पाणी नोहे रे! गावठीच्या निम्मी कडक हाय ही. लाकूड तीन वर्सं पेत होतं टकीला. तू गरम पाणी ओतलं, लाकडानं सगळी परत देली. किती दिवस पेऊन राहिला तू?"

देवाजीनं बोटांवर मोजलं. त्याचा चेहरा बघून महादेवरावांचं हसू विरलं. माणूस वाईट नव्हता. "अरे, नकळत झालं. नकळत झालं त्यात कायचं पाप?"

देवाजी सायकलवर बसला नाही. हातात धरून चालत निघाला. कामठी रोडवर ट्रक मागून हॉर्न देऊन गेले तरी त्याला भान नव्हतं. नकळत झालं हे खरं. पण मग दुसऱ्या दिवशी आपण आतुर होऊन का उठलो? जिभेला कळलं होतं आणि मलाच कळलं नव्हतं, असं होतं का? लाकूड पितं हे एवढ्या वर्षांत आपल्याला कसं समजलं नाही? आपण म्हणत आलो, मी लाकडाचा माणूस. आणि लाकूड तर आतून पिऊन बसलेलं! मग आपल्यात आणि दारूत उरलं काय? एका गोष्टीतून दुसरी निघे, दुसरीतून तिसरी, आणि तो पुन्हा पहिलीवर येई. डोकं नुसतं भणभणलं.

कामठी मागे पडल्यावर त्याला अंजनाबाई आठवली, आणि पाय जागच्या जागी थांबले.

अंजनाचंही शील मोडलं. आपल्या हातानं, पेला भरून भरून. सांगितलं नाही तर तिला कळणारसुद्धा नाही. ती उद्या विहारात बायांत बसेल आणि निर्मळ मनानं शील म्हणेल. सांगितलं, तर अठरा वर्षांचं तिचं पुण्य आपण आपल्या तोंडानं हिसकावून घेणार. आणि न सांगता आपण पुढे उभे राहणार? कोणत्या तोंडानं? देवाजीला पहिल्यांदाच स्वतःची भीती वाटली. त्या संध्याकाळी तो घरी गेला, जेवला, हात धुतले आणि खाटेवर आडवा झाला. बाटली आणली नव्हती. अंजनाबाईनं विचारलं नाही.

रविवारी सकाळी ती पांढरं लुगडं नेसून वेणी घालत होती. देवाजी दारात उभा राहिला.

"अंजना, ते पाणी... ते पाणी नोहतं वं. दारू होती. मले ठाऊक नोहतं. तुले पाजली मी."

अंजनाबाईचे हात वेणीत थांबले. ती वळली नाही.

"मी पेलीच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"पहिल्याच दिवशी वास आला मले. माह्या बापाच्या घरी दारूची मडकी घासण्यात जिंदगी गेली, मले नाही समजन? मोरीत ओतत होती मी."

देवाजीनं चौकट धरली. त्याच्या छातीवरचा दगडच उतरला. हिचं शील शाबूत होतं! आनंदानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तो आनंद पुरता व्हायच्या आतच दुसरी गोष्ट ध्यानात आली.

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"मले वाटलं, तुमाले माहीत हाय. माहीत असून पेऊन राहिले अन् पाणी म्हणून सांगून राहिले."

"अन् तू चूप राहिली? दहा दिवस? तुले राग नाही आला?"

अंजनाबाईनं वेणीला गाठ मारली. मग भिंतीकडेच बघत म्हणाली, "आला. पहिल्या दिवशी लय आला. मंग तुमी खाट टाकून बसले, बोलले माह्याशी. दुसऱ्या दिवशीबी बोलले. मंग मी... संध्याकाळी वाट पाहू लागली."

"कशाची?"

"तुमची," ती म्हणाली. "अन् बाटलीची."

हिला रागवावं, हिची माफी मागावी, की हिला जवळ घ्यावं. तिन्ही एकदम वाटलं आणि एकही जमलं नाही. तो नुसता म्हणाला, "चाल, उशीर होऊन राहिला." दोघं विहाराकडे निघाली. तो पुढे, ती मागे, रोजच्यासारखी.

विहारात माणसं बसली होती. मेणबत्त्या लागल्या होत्या. देवाजी पुढे गेला, हात जोडले आणि म्हणाला, "माह्यानं दारू पेल्या गेली. नकळत पेल्या गेली, पण दहा दिवस पेल्या गेली. आज मी इथं उभा राहू शकत नाही." कुजबुज उठली. कोणी म्हणालं, नकळत झालं तर काय. कोणी म्हणालं, कसं काय बुवा नकळत होतं. म्हातारे दादाजी उठून म्हणाले, "मंग आज कोण सांगन?"

"माही बायको सांगन," देवाजी म्हणाला. "तिचं शील साफ हाय. तिले सगळं पाठ हाय."

अंजनाबाई गोंधळून उभी राहिली. तिनं नवऱ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. पण दादाजींनी हात केला आणि बायांनी तिला पुढे ढकललं. देवाजी सगळ्यात मागे, चपला काढतात तिथल्या रांगेत जाऊन बसला. इतक्या मागून विहार कसा दिसतो हे त्याला माहीतच नव्हतं.

पहिलं शील अंजनाबाईनं हळू आवाजात म्हटलं, दुसरं जरा मोठ्यानं. तिसऱ्या-चौथ्याला आवाज लागला. मागची शंभर माणसं तिचं एकेक शील उचलत होती आणि देवाजीही त्यांच्यात होता. पाचव्याला ती थांबली.

माणसं वाट बघत राहिली. विसरली असेल, असं वाटून कोणीतरी बाईनं पहिला शब्द सुचवला. अंजनाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. ती विसरली नव्हती, हे त्या आख्ख्या विहारात एकट्या देवाजीला माहीत होतं. थेंबही न प्यालेली बाई ते शील म्हणू शकत नव्हती.

देवाजी मागच्या रांगेत उभा राहिला. त्याला तो अधिकार होता की नव्हता, त्याला समजत नव्हतं. त्यानं पाचवं शील म्हटलं. आवाज चढवला नाही. घरात बोलावं तसं, तिच्याकडे बघत म्हटलं. माना वळल्या, मग सगळ्यांनी ते त्याच्यामागून उचललं.

अंजनाबाईनं ते सगळ्यांचं म्हणून झाल्यावर म्हटलं, एकटीनं, आणि डोळ्यांना पदर लावला.